गायरान गावाचं, मग दगड विकताना गाव कुठं असतंय?

मामाच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतीवर पेपरच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. बोटभर रुंदीच्या, गव्हाच्या पिठाची खळ करून, भेगेवर आडव्या, आणि प्रत्येक पट्टीवर निळ्या पेनाने तारीख. एकूण ११ पट्ट्या, त्यातल्या ७ मधोमध फाटलेल्या. आधी मला वाटलं म्हातारपणाचा चाळा असेल. विचारलं तर म्हणाला, "बग की, हा जुलैचा कागद, हा दिवाळीच्या आदला. भेग जुनी असती तर कागद फाटला असता काय? म्हणून मी चिकटवलो." दुपारी एकच्या सुमाराला डोंगरावरच्या खडीच्या खाणीत सुरुंगाची शिट्टी वाजते, मामी गॅसवरचं दूध उतरून खाली ठेवते, मग धाड्दिशी आवाज होतो आणि कपाटातली भांडी वाजतात. ती भांडी वाजायची थांबेपर्यंत घरात कुणी बोलत नाही, सवय झालीय.

मामाने हे सगळं एका ऑफिसात जाऊन सांगितलं, मोबाईलवर फोटो पण दाखवले. तिथल्या साहेबांचं म्हणणं, घर मातीचं आहे, भेगा पडणारच, आणि ह्या कागदाच्या पट्ट्यांना पुरावा म्हणत नाहीत. बोलणं शांतपणे झालं, कुणी अपमान केला नाही, चहा पण दिला. पण मामा परत आला तो तसाच, हात हलवत.

आता तो डोंगर कुणाचा ते सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातंय. उताऱ्यावर तो सर्वे नंबर गायरान म्हणून आहे, आमचं गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातलं, म्हणून कन्नडमध्ये गोमाळ. आम्ही लहान असताना करवंदं आणि तोरणं खायला तिथंच जायचो, वर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता आणि बेंदराला बैल सजवून त्या दगडाला फेरी मारून आणायचे. म्हसोबा अजून आहे पण खाली आणून ठेवलाय, क्रशरच्या शेडजवळ, कुणीतरी त्याला पत्र्याचं छप्पर पण करून दिलंय. गावातल्या कुणाला विचाराल तर सांगेल, गायरान गावाचं. आणि हीच आमची गैरसमजूत. गायरान सरकारचं, गावाला फक्त जनावरं चारायची मुभा. आणि त्याच्या पोटातला दगड तर सरकारचा, त्यात वाद नाही म्हणे, कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यातच लिहून ठेवलंय.

ज्या कायद्याने हा सगळा कारभार चालतो तो खाण आणि खनिज कायदा २८ डिसेंबर १९५७ चा. तारीख मुद्दाम सांगतोय. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात टाकला, त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात हा कायदा आला. म्हणजे आमची माणसं आपण नेमके कुठल्या राज्यात ह्या धक्क्यातून बाहेर आली नव्हती तेवढ्यात पायाखालच्या दगडाची व्यवस्था दिल्लीत लागली पण. त्या कायद्याच्या कलम १५ ने खडी, वाळू, चिरा, मुरूम असल्या गौण खनिजांचं सगळं राज्य सरकारवर सोडलं, आणि त्यावरून कर्नाटकाने १९९४ मध्ये स्वतःचे नियम केले. अर्ज, लीज, रॉयल्टी, नूतनीकरण, सगळं त्यात आहे. खाणीच्या शेजारी राहणारा माणूस मात्र अर्जाला जोडलेल्या नकाशावर एक चौकोन म्हणून येतो, तेवढाच.

गायरानाचा हिशोब तर अजून गंमतीचा. कर्नाटकच्या १९६६ च्या महसूल नियमांत शंभर जनावरांमागे १२ हेक्टर चराई राखून ठेवायची असं लिहिलंय, वाचायला छान वाटतं. पण जनावरं कमी झाली की चराई पण कमी करता येते. आता बघा, डोंगर फोडला, चारा गेला, लोकांनी म्हशी विकल्या कारण विकतचा कडबा परवडत नाही, मग पुढच्या मोजणीला जनावरं कमी भरली, मग एवढं गायरान कशाला लागतंय म्हणून अजून एक तुकडा मोकळा. आपणच खड्डा काढायचा आणि मग म्हणायचं इथं खड्डाच आहे, दुसरं काय करणार. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं होतं. पण तो निकाल अतिक्रमणाबद्दल आहे, आणि लीज घेऊन केलेली खाण हे अतिक्रमण नाही, ते कायदेशीर आहे. दुखणं तिथंच आहे.

जुने कायदे आपल्याकडेच आहेत असं नाही. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या सोन्या-तांब्याच्या खाणी अजून १८७२ च्या कायद्यावर चालतात, त्यात सरकारला रॉयल्टी शून्य, आणि एकराला अडीच-पाच डॉलर भरून जमीनच नावावर करून घ्यायची सोय होती ती १९९४ पासून गोठवून ठेवलीय, रद्द केलेली नाही. तिथले लोक दीडशे वर्षं जुना कायदा बदला म्हणून ओरडतात ते ठीकच आहे. पण आमचा कायदा जुना आहे म्हणून वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट त्याला ठिगळं लावायचं काम जोरात चालू असतंय. २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, लिलाव आले, जिल्हा खनिज निधी आला. २०२१ मध्ये परत, २०२३ मध्ये लिथियम वगैरे महत्त्वाच्या खनिजांसाठी परत. मग २५ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी ८ विरुद्ध १ ने सांगितलं की रॉयल्टी म्हणजे टॅक्स नव्हे आणि राज्यांना खनिजाच्या हक्कावर वेगळा कर लावता येतो, तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आमच्याच बेळगावात, सुवर्णसौध म्हणतात त्या विधानभवनातल्या अधिवेशनात तसा कर लावायचं विधेयक मंजूर पण झालं. पाच महिन्यांत! आमदारांना कायदा बदलायला वेळ नसतो असं कोण म्हणतंय मग. पैसा कुणाकडे जाणार हा प्रश्न असला की दुरुस्ती पळत येते. भिंत कुणाची पडणार हा प्रश्न असला की घर मातीचं आहे.

ह्या १९५७ च्या खाण कायद्यातली दोन कलमं मी प्रत्येक आमदार-खासदाराच्या टेबलावर प्रिंट काढून ठेवीन म्हणतो. पहिलं कलम २२. ह्या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट तेव्हाच घेणार जेव्हा सरकारने अधिकार दिलेला माणूस लेखी तक्रार करेल. म्हणजे माझ्या मामाच्या डोक्यावर दगड येऊन पडला तरी खाण कायद्याखाली मामा कोर्टात फिर्यादी होऊ शकत नाही, ज्या खात्याने लीज दिलं त्याच खात्याच्या माणसाने उठून तक्रार करायला पाहिजे. चोरीची फिर्याद पोलिसात देता येते, तेवढी फट सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये उघडून दिलीय, पण पोलीस स्टेशनात जाऊन "डोंगर चोरीला गेला" म्हणून सांगा आणि समोरच्याचं तोंड बघा.

दुसरं कलम २३ए. दंड भरून प्रकरण मिटवायचं. कागदावर शिक्षा ५ वर्षांपर्यंत आणि हेक्टरला ५ लाखांपर्यंत दंड अशी २०१५ पासून कडक केलीय, पण मधूनच बाहेर पडायचं दार उघडं आहे. आमच्याकडे नदीकाठच्या कुठल्याही पोराला विचारा, मलप्रभेतनं रात्री वाळू काढणाऱ्याची गाडी धरली तर काय होतंय? दोन-चार दिवस गाडी आवारात उभी, मग दंड, मग गाडी परत नदीला. तो दंड आता भाड्यातच धरलेला असतो, ब्रासमागे एवढे म्हणून. परवाना काढून धंदा करणाऱ्याला रॉयल्टी आणि न काढणाऱ्याला दंड, दोघांचा हिशोब जवळजवळ सारखाच येत असेल तर कायदा पाळणारा येडा ठरतोय ना.

बरं, लीज द्यायच्या आधी लोकांना विचारतात ना, जनसुनावणी असते ना, असं शहरातले लोक म्हणतात. एकटी खाण ५ हेक्टरपर्यंतची असेल तर जनसुनावणी लागत नाही. ५ हेक्टर म्हणजे साधारण १२ एकर, आमच्या गावच्या शाळेचं मैदान त्यात किती वेळा बसेल मोजा. शेजारशेजारच्या खाणी मिळून त्याच्या वर गेल्या तर क्लस्टर, म्हणजे एकच गट, धरतात, त्याला ५०० मीटरचं माप आहे, मग माप बघूनच तुकडे पाडले जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि सुनावणी झालीच तर? केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की सुनावणी सुरू करायला कोरम लागत नाही. ग्रामपंचायतीच्या मीटिंगला कोरम लागतो, सोसायटीच्या जनरल मीटिंगला लागतो, डोंगर फोडायच्या सुनावणीला मात्र खुर्च्या रिकाम्या असल्या तरी चालतात.

ते झालं गर्दीचं, आता भाषेचं सांगतो. हे लिहिलं की लगेच म्हणतील, आला सीमाप्रश्न काढून. येऊ दे. नोटीस कन्नडमध्ये, अहवाल इंग्लिशमध्ये, त्याचा सारांश परत कन्नडमध्ये, आणि ज्या गावात लावायचा तिथं म्हाताऱ्या बायकांना दोन्ही वाचता येत नाही. आमची पोरं कन्नड बोलतात, त्यात कमीपणा नाही, शेजारच्या गावात आमच्या सोयरिकी आहेत. पण "स्फोटक", "भूजल पातळी", "कंपन" ह्यांना कन्नडमध्ये काय म्हणतात ते मला पण नोटीस वाचताना कळत नाही, मामाला काय कळणार. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या केंद्राच्या निवेदनातच आहे की जिथं १५-२० टक्के लोक दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत पण द्याव्यात. आणि घटनेच्या ३५० व्या कलमाने तक्रार राज्यातल्या कुठल्याही वापरातल्या भाषेत देता येते. म्हणजे मराठीत तक्रार द्यायचा हक्क आहे, पण कशाबद्दल तक्रार द्यायची ते मराठीत सांगायची सक्ती खाण नियमांत नाही. सीमाप्रश्नाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, ८६५ गावांचं जे व्हायचं ते होईल, पण दगड निकालाची वाट बघत थांबत नाही. निकाल लागला तेव्हा गाव ह्या राज्यात असो की त्या, डोंगर कुठल्याच राज्यात नसेल.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे आणि ते अवघड पण नाही. गायरानावर किंवा कुठल्याही सामायिक सरकारी जमिनीवर लीज द्यायच्या आधी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक करा. मी काही क्रांतिकारक बोलत नाही, संसदेने हे १९९६ मध्येच लिहून ठेवलंय. पेसा कायद्याचं कलम ४ बघा, अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रात गौण खनिजाचं लीज द्यायला ग्रामसभेची किंवा पंचायतीची आधी शिफारस लागते. कर्नाटकात घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं असं एकही क्षेत्र नाही, म्हणून तो कायदा आम्हाला लागू नाही. आदिवासींना ते संरक्षण जास्त गरजेचं आहे, त्यांची बरोबरी मी करत नाही. पण गावाला विचारून खाण चालवता येते, त्याने देश बुडत नाही, हे एकदा मान्य केलंय ना? मग गायरानापुरतं तरी ते सगळीकडे आणा. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साईटचा निर्णय ग्रामसभांवर सोडला आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी नको म्हणून सांगितलं. (त्याच दिवशी, त्याच कोर्टात, बळ्ळारीकडच्या लोखंडाच्या खाणींचा पण निकाल लागला, कुणी किती बेकायदा खणलं त्यावरून ए-बी-सी अशा वर्गवारीचा. लोकायुक्त हेगड्यांचा अहवाल, मुख्यमंत्र्यांचा राजीनामा, एवढं रामायण होऊन शेवटी आमच्या राज्यात बंधनं आली ती कोर्टाकडून, विधानसभेकडून नाही.) बॉक्साईट आमच्या पण सड्यांवर आहे, बोकनूर-नावग्याच्या डोंगरापासून चंदगडकडे जाल तसं तांबडं कातळ लागत जातंय. खाली पाणी धरून ठेवणारा तोच जांभा. पश्चिमेला कणकुंबीला मलप्रभा उगवते, भीमगडाच्या रानात म्हादई. वरचं कातळ काढलं की खालच्या विहिरीचं काय होतंय हे कळायला इंजिनियर लागत नाही, फेब्रुवारीत विहिरीत दोर सोडून बघावा.

आता समोरची बाजू, कारण ती आमच्याच घरातली आहे. माझ्या चुलत भावाचा टिप्पर आहे, फायनान्सवर घेतलेला, आणि त्याचे हप्ते त्याच डोंगराच्या खडीवर फिटतात. माझ्या घराचा स्लॅब त्याच खडीचा. क्रशरवाला काही परका राक्षस नव्हे, मराठीच बोलतो, गणपतीला आणि मोर्चाला दोन्हीकडे वर्गणी देतो. नदीतली वाळू बंद करा म्हणायचं, तर मग एम सँड पाहिजे, आणि एम सँड म्हणजे डोंगरच, बारीक केलेला. त्यामुळे "सगळ्या खाणी बंद" म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही, ते लोक बहुतेक वेळा आपलं घर बांधून झाल्यावर बोलतात. पण एक विचारतो. पूर्वी ह्याच डोंगरावर वडार लोक दगड काढायचे, सुतकी आणि पहार घेऊन, पाटे-वरवंटे करायचे, घरांचे पाये भरायचे. दोन पिढ्यांत त्यांनी जेवढा दगड काढला तेवढा आता एक पोकलेन एका पावसाळ्याआधी काढतंय. त्यांना लीजची भाषा कळली नाही, डिपॉझिट भरायला पैसे नव्हते, ते आता त्याच क्रशरवर रोजाने आहेत. म्हणजे "रोजगार" म्हणून जो शब्द सुनावणीत सारखा येतो तो आधी काढून घेतलेलाच रोजगार आहे, परत दिलेला, कमी भावात. ग्रामसभेला विचारलं असतं तर गाव कदाचित हो पण म्हणालं असतं, एवढ्याच एकरात, एवढीच वर्षं, सुरुंग शाळा सुटल्यावर, आणि म्हसोबाला हात न लावता. सौदा करायची संधीच मिळाली नाही हा राग आहे.

खाण संपल्यावरचं तर बोलायलाच नको. गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी खाण आहे, वीसेक वर्षं बंद, पाण्याने भरलेली, हिरवंगार पाणी, म्हशी धुतात, गणपती सोडतात. खोली कुणालाच माहीत नाही. कुंपण नाही, पाटी नाही, काठ सरळ तुटलेला आहे, म्हैस घसरली की वर येत नाही. ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने कॉमन कॉज खटल्यात केंद्राला सांगितलं की खाण संपल्यावर तिथं परत गवत उगवून, चाऱ्यायोग्य करून देण्याची अट लीजमध्येच घाला. गवत! कोर्टाला गायरान कळलं बघा, आणि नियम करणाऱ्यांना नाही. ही अट खडीच्या प्रत्येक लीजमध्ये घाला, आणि सोबत डिपॉझिट पण एवढं ठेवा की खड्डा भरण्यापेक्षा ते बुडवणं स्वस्त पडणार नाही.

आणि सुरुंग. डायरेक्टर जनरल ऑफ माईन्स सेफ्टीचं १९९७ चं परिपत्रक आहे, खाणमालकाच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील तर कंपन किती चालेल त्याचे आकडे दिलेत, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर. आकडा आहे, मोजायचं यंत्र आहे, पण ते यंत्र मामाच्या घरात आणून ठेवायला कुणी बांधील नाही. २१ जानेवारी २०२१ ला शिमोग्याजवळ हुणसोडूला स्फोटकांचा ट्रक उडाला, महिन्याभराने चिक्कबळ्ळापूरला परत तेच, माणसं गेली, चार दिवस छापे पडले. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने म्हैसूरजवळच्या केआरएस धरणाच्या २० किलोमीटर परिसरात खाणकाम थांबवायला सांगितलं, चांगलंच झालं, धरण फुटलं तर लाखो लोक जातील. पण मग धरणाच्या भिंतीला २० किलोमीटर तर मामाच्या भिंतीला किती, हा प्रश्न मी विचारला तर हसू नका.

हिवाळी अधिवेशनाला सगळे आमदार बेळगावात येतातच. हलग्याजवळच्या त्या पांढऱ्या सुवर्णसौधातनं अर्ध्या तासावर खाणी आहेत, जेवायच्या सुट्टीत सुरुंगाचा आवाज ऐकून परत जाता येईल. १९९४ चे नियम बदलायला दिल्लीची परवानगी लागत नाही, कलम १५ ने ते काम राज्याचंच आहे. कलम २२ मात्र दिल्लीत बदलावं लागेल, ते खासदारांनी बघावं. आणि एक साधी गोष्ट, ज्याला एक रुपया लागत नाही. लीज सुरू व्हायच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक घराचा पंचनामा करा, फोटोसकट, भेग असेल तर भेग लिहा, नसेल तर नाही म्हणून लिहा, आणि त्याची एक मराठी प्रत घरमालकाच्या हातात द्या. उद्या भांडण झालं तर खाणवाल्याला पण तो कागद उपयोगी पडेल.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्याला ग्रामसभा, पेसा, नऊ न्यायाधीश, कशातच रस नव्हता. पंचनाम्याचं तेवढं नीट ऐकलं. परवा गेलो होतो तर भिंतीवर बारावी पट्टी होती, नेहमीपेक्षा रुंद. तारखेच्या बाजूला त्याने सहीसाठी जागा सोडलीय.